धूर निघण्याआधीचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातल्या मोसम खोऱ्यात इंजिनाचा धूर वाचणारी माणसं दोन-तीन पिढ्या होऊन गेली. धूर काळा निघाला की नोझल गळतंय किंवा इंजिनावर लोड जास्त पडलाय. निळसर निघाला की रिंगा गेल्या, ऑईल जळतंय. पांढरा निघाला की डिझेल न जळताच बाहेर पडतंय. नामपूर, जायखेडा, ताहाराबाद या पट्ट्यात विहिरीवर बसलेल्या ऑईल इंजिनाचं निदान एवढ्यावर व्हायचं, आणि बहुतेकदा ते बरोबर निघायचं. फक्त ते व्हायचं धूर निघाल्यावर. इंजिन अजून कागदावर आहे, त्याच्या ब्लॉकचं ओतकामसुद्धा झालेलं नाही, अशा वेळी ते किती आणि कसला धूर सोडेल हे सांगण्याची विद्या पुष्कळ नंतर आली. तिच्या इतिहासातला एक महत्त्वाचा भाग पुण्यात, खडकीला घडला.

इंजिन येण्याआधी या खोऱ्यात पाणी शेतात जायच्या दोन वाटा होत्या. एक नदीवरच्या बंधाऱ्यातून पाटाने, फड पद्धतीची. दुसरी विहिरीतून बैलांच्या मोटेने. फडाचं पाणी सामाईक, मोटेचं ज्याचं त्याचं. ऑईल इंजिनाने मोटेची जागा घेतली. मराठी मुलखात या इंजिनाची घडण तशी जुनीच. साताऱ्याच्या कूपरांनी १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं करायला घेतली होती. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवला, त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी इंजिन उतरवलं. १९७२च्या दुष्काळाने विहिरी आणखी खोल नेल्या. जिथे वीज पोचली नव्हती, किंवा पोचूनही वेळेला नसायची, तिथे हँडल मारून सुरू होणारं हे धूड कामाला आलं.

किर्लोस्करांच्या इंजिनांतलं ‘एव्ही१’ हे नाव जुन्या मिस्त्र्यांना अजून तोंडपाठ आहे. एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, मिनिटाला १५०० फेरे, पाच हॉर्सपॉवर. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११०. ही मापं इंग्लंडच्या पेटर कंपनीच्या त्याच नावाच्या इंजिनाची. त्याचा मोठा भाऊ ‘टीव्ही१’. त्याचा व्यास ८७.५, धाव तीच, आकारमान ६६१ घनसेंटिमीटर, ताकद ५.२ किलोवॉट. या टीव्ही१ला पुढे एक अनपेक्षित नोकरी लागली. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते जाऊन बसलं. भारतातून डिझेल इंजिनावर निघालेले शोधनिबंध कोणीही चाळावेत, साधनांच्या तक्त्यात ८७.५ आणि ११० हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतील. विहिरीवर शेतकऱ्याने वापरलेलं आणि प्रबंधासाठी विद्यार्थ्याने वापरलेलं इंजिन एकच, असं दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या बाबतीत झाल्याचं मला आठवत नाही.

या इंजिनाच्या अंगात एक छोटीशी गंमत आहे, आणि पुढचं सगळं समजायला ती उपयोगी पडते. डिझेलचा पंप इंजिनाच्या अंगावर जिथे बसतो, तिथे मधे पातळ शिमा घातलेल्या असतात. इंजिन ओढत नाही, काळं ओकतंय अशी तक्रार आली की मिस्त्री नोझल तपासतो, आणि नोझल ठीक असेल तर पंप उतरवून एखादी शिम काढतो. शिम काढली की पंप खाली बसतो आणि डिझेल सिलिंडरमध्ये थोडं आधी पडायला लागतं. इंजिन सुरू केलं की ठोका कडक येतो, ओढ वाढते, नळीतून निघणारा धूर विरळ होतो. मालक खूश, मिस्त्रीला चहा.

या व्यवहारात एक गोष्ट वाढलेली असते, पण ती ना मालकाला दिसते ना मिस्त्रीला. नायट्रोजनची ऑक्साइडं. नळीतून बाहेर पडताना त्यांतला बहुतेक भाग नायट्रिक ऑक्साइडचा असतो, आणि त्याला रंग नाही. धूर वाचणाऱ्या डोळ्यांची हद्द इथे संपते.

असं का होतं, ते आत डोकावल्यावर कळतं. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा नऊ हजारावा भाग. डिझेलची फवारणी वीसएक अंशांत आटोपते, म्हणजे दोन-सव्वादोन मिलिसेकंदांत. तेवढ्यात डिझेलच्या धारेचे थेंब व्हायचे, थेंबांची वाफ व्हायची, वाफ हवेत मिसळायची, क्षणभर थांबून पेट घ्यायचा आणि उरलेलं मिसळत मिसळत जळायचं. जिथे डिझेल दाट आणि हवा कमी, तिथे काजळी धरते. जिथे आच भरपूर आणि ऑक्सिजनही हाताशी, तिथे एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो. फवारणी लवकर केली तर ज्वाला जास्त तापते, काजळी जळून जाते, ऑक्साइडं वाढतात. उशिरा केली तर ऑक्साइडं घटतात, काजळी वाढते आणि डिझेलही जास्त लागतं. डिझेल इंजिनाच्या रचनाकाराचं सगळं आयुष्य या भांडणात मध्यस्थी करण्यात जातं.

त्यात काजळीचा हिशेब जास्त अवघड. सिलिंडरमध्ये तयार होणारी बहुतेक काजळी तिथेच पुढच्या काही अंशांत जळून जाते. बाहेर येतो तो उरलेला छोटा वाटा. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून उरलेला लहान आकडा अचूक सांगायचा, तर मूळच्या दोन्ही आकड्यांत चूक परवडत नाही.

ऑक्साइडांचं रसायन मात्र बरंच आधी उलगडलं होतं. योगायोग असा की खडकीचा कारखाना निघाला त्याच १९४६ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी ज्वालेतल्या नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीची साखळी मांडली. या अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर भयंकर वाढतो. १८००-२००० केल्विनच्या खाली ती जवळजवळ निपचित असते, तापमान त्याच्या वर गेलं की सुसाट. त्यामुळे ज्वालेचं तापमान आणि ते किती वेळ टिकलं एवढं कळलं की ऑक्साइडांचा अंदाज बांधता येतो. झेल्दोविचना डिझेल इंजिनाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा विषय स्फोट आणि ज्वलन. पण पुढे इंजिनवाल्यांनी त्यांचं समीकरण उचललं ते आजतागायत सोडलेलं नाही.

ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला ‘सीएव्ही’ ही अक्षरं पंपामुळे ठाऊक असतात. लंडनच्या त्याच सीएव्ही कंपनीत खान, ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ ते १९७३च्या दरम्यान डिझेलच्या काजळीचं आणि ऑक्साइडांचं प्रमाण आधी गणिताने काढण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. १९७६ मध्ये हिरोशिमाच्या हिरोयासू आणि कादोता यांनी फवाऱ्याचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाचा वेगळा हिशेब मांडला. कुठल्या भागात किती हवा शिरली, तो केव्हा पेटला, किती तापला, असा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतून ‘किवा’ नावाचा संगणकी प्रोग्रॅम आला. अणुबॉम्बचं गाव ते. तिथल्या लोकांना वायूंच्या प्रवाहाचं गणित करण्याचा दांडगा सराव होता. किवा सिलिंडरची पोकळी हजारो कप्प्यांत तोडायचा आणि प्रत्येक कप्प्यात वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेचा हिशेब क्षणाक्षणाला जुळवायचा.

म्हणजे विद्या होती. अडचण होती ती वेळेची आणि पैशाची. रचनाकारापुढे सुरुवातीला एक इंजिन नसतं, इंजिनांचा जथा असतो. नोझलला छिद्रं किती, छिद्राचा व्यास काय, पिस्टनच्या डोक्यातली वाटी किती रुंद, हवेला गिरकी किती द्यायची, फवारणी कोणत्या अंशाला सुरू करायची, अशा नुसत्या पाच बाबी घेतल्या आणि प्रत्येकीचे चारच पर्याय धरले तरी १,०२४ इंजिनं होतात. ती सगळी ओतून, टेस्ट बेडवर चढवून बघणं कुठल्याच कंपनीला शक्य नाही. आणि त्या काळच्या संगणकावर कप्प्याकप्प्याचं गणित एका इंजिनाच्या एका बिंदूसाठी करायचं म्हटलं तरी दिवस मोडायचे.

यातली छिद्रांची बाब नाशिककरांच्या घरातली आहे. सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर मायकोचा कारखाना आहे. कंपनीचं नाव आता बॉश झालं तरी शहरातल्या चौकाला लोक मायको सर्कलच म्हणतात. तिथे नोझल बनतात. टीव्ही१सारख्या इंजिनाच्या नोझलला साधारण तीन छिद्रं असतात, प्रत्येक सुमारे ०.३ मिलिमीटरचं, आणि आतली सुई उचलते दोनशेएक बार दाबाला. नोझल दुरुस्तीच्या दुकानात हे प्रत्यक्ष बघायला मिळतं. टेस्टरला नोझल लावायचं, हाताने दांडा दाबायचा, काट्यावर दाब बघायचा. सुई नीट बसत असेल तर फवारा सुटताना करकर असा आवाज येतो आणि धुकं पडतं. सुई बिघडली असेल तर आवाज मुका होतो आणि टोकाला थेंब लोंबतो. मिस्त्री काट्यापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो. त्या थेंबाकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

भारतात ही गणितं करण्याची गरज निसर्गप्रेमातून आली, असं म्हणणं फार सभ्यपणाचं होईल. ती कायद्याने आणली. १९८५ साली वकील एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या वाहनांच्या प्रदूषणावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती पुढे वर्षानुवर्षं चालली. १९९१ मध्ये पेट्रोलच्या आणि १९९२ मध्ये डिझेलच्या वाहनांना उत्सर्जनाच्या वस्तुमानाची पहिली मर्यादा आली. मोजमाप करायचं तर आपल्या रस्त्यांवर गाडी कशी चालते हे ठरवावं लागतं. ते काम पुण्याच्या एआरएआय या संस्थेने केलं. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून असलेली ही वाहन संशोधन संस्था. तिथे ठरलेल्या भारतीय चालनचक्राचा सर्वाधिक वेग होता ताशी ४२ किलोमीटर. तेव्हाच्या शहरी गर्दीला तो साजेसाच होता.

मर्यादा कशी आवळत गेली ते मोठ्या डिझेल इंजिनाच्या ऑक्साइडांवरून दिसतं. १९९६ मध्ये किलोवॉट-तासाला १४.४ ग्रॅमची मुभा होती. २००० साली ती ८ वर आली, नंतर ७, मग ५, मग ३.५, आणि २०२० मध्ये भारत स्टेज ६ या टप्प्याला ०.४६. चाचणीची पद्धत मधे बदलत गेली, त्यामुळे हे आकडे तंतोतंत एका मापाचे नाहीत. पण उतार किती तीव्र आहे ते कळायला पुरेसे आहेत. या उताराचा सुरुवातीचा नकाशा काढला तो रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. २००१ मध्ये नेमलेल्या या समितीने २००२ मध्ये अहवाल दिला आणि कोणत्या वर्षी, कोणत्या शहरांत, कोणतं इंधन आणि कोणता टप्पा याचं वेळापत्रक मांडलं. इंधन आणि इंजिन यांची गाठ बांधली हे त्या अहवालाचं खरं श्रेय. डिझेलमध्ये गंधक असेल तर इंजिनाने कितीही शहाणपणा केला तरी सल्फेटचे कण निघणारच. एके काळी आपल्या डिझेलमध्ये शेकडा एक गंधक चालायचं. भारत स्टेज ६मध्ये ते दहा लाखात दहा भागांवर आलं.

विहिरीवरची आणि जनरेटरची इंजिनं करणाऱ्या कंपन्यांना वाटत होतं की हे सगळं गाड्यावाल्यांचं दुखणं आहे. २००४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम जनरेटरच्या इंजिनांनाही लागू झाले, तेव्हा तो समजही संपला. आता पाच एचपीपासून कित्येकशे एचपीपर्यंतच्या, वेगवेगळ्या व्यासांच्या, टर्बो असलेल्या आणि नसलेल्या इंजिनांचं गोत्र ठरलेल्या तारखेच्या आत सुधारायचं होतं.

खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्समध्ये त्या काळात पी. ए. लक्ष्मीनारायणन हे अभियंते संशोधन विभागात होते. आयआयटी मद्रासला शिकलेले, नंतर इंग्लंडमध्ये लफबरोला जे. सी. डेंट यांच्याबरोबर त्यांनी डिझेलच्या फवाऱ्यावर काम केलं. १९८३ साली त्या दोघांचा शोधनिबंध आला तो वाफ होणाऱ्या आणि जळणाऱ्या फवाऱ्याचा प्रकाशाच्या व्यतिकरणाने केलेला अभ्यास होता. फवारा आत कसा पसरतो, हवा कशी ओढून घेतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय तो माणूस कारखान्यात आला, याचा पुढे फार उपयोग झाला. त्यांच्याबरोबर होते योगेश आघाव, खडकीचेच अभियंते.

१९९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या एव्हीएल या कंपनीच्या क्मेला आणि ऑर्थाबर यांनी एक सुटसुटीत कल्पना मांडली होती. डिझेल किती वेगाने जळेल हे दोनच गोष्टींवर ठरतं. न जळलेलं डिझेल त्या क्षणी किती शिल्लक आहे, आणि ते हवेत घुसळायला खळबळीची ऊर्जा किती आहे. ही ऊर्जा मुख्यतः फवाऱ्याच्या वेगातूनच येते. हजारो कप्पे नकोत, दोन-तीन समीकरणं पुरे. मोठ्या इंजिनांना हे लागू पडत होतं. खडकीच्या इंजिनांना तसंच्या तसं लावता येईना.

कारण तिथे भिंत जवळ होती. ऐंशी-शंभर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये पिस्टनची वाटी इतकी लहान असते की फवारा मोकळ्या हवेत फार धावतच नाही, लगेच वाटीच्या भिंतीवर आपटतो. अंगणात पाइपाचा झोत भिंतीवर मारला तर पाणी पुढे न जाता भिंतीलाच धरून पसरतं, तसा तो पसरतो. तिथे त्याची खळबळ मरते, हवा ओढून घेण्याची ताकद कमी होते, मिसळणं मंदावतं. पुण्याच्या मंडळींनी फवाऱ्याचं आयुष्य दोन तुकड्यांत मोजलं, भिंतीपर्यंतचं आणि भिंतीवरचं. दोन्ही ठिकाणी ऊर्जा किती वेगाने विरते याचा वेगळा हिशेब धरला. लक्ष्मीनारायणन, आघाव, दाणी आणि मेहता यांचा हा शोधनिबंध २००२ मध्ये इंग्लंडच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या नियतकालिकात छापून आला.

त्या निबंधातला सर्वात मोलाचा दावा एका ओळीत येऊन जातो, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटेलही. या मॉडेलमध्ये जुळवणीचा एकही स्थिरांक नाही. हे का महत्त्वाचं, ते थोडं थांबून सांगायला हवं. अशा गणितांत सहसा चार-दोन आकडे सैल ठेवलेले असतात. आधी इंजिन चालवून मोजमाप घ्यायचं, मग गणिताचं उत्तर त्याच्याशी जुळेपर्यंत हे आकडे पिळायचे. आलेख सुरेख येतो, दोन रेघा एकमेकींवर बसतात, सभेत टाळ्या पडतात. पण ते भाकीत नव्हे. झालेल्या गोष्टीचं वर्णन आहे, शिम काढून धूर बघणाऱ्या मिस्त्रीच्या पद्धतीहून फार वेगळं नाही. जे इंजिन अजून ओतलेलंच नाही त्याच्याशी काय जुळवणार? पिळायला खुंटीच ठेवली नाही तर गणित एक तर खरं ठरतं, नाही तर उघडं पडतं. खडकीच्या मॉडेलने वेगवेगळ्या व्यासांची, वेगवेगळ्या वेगांची, टर्बो असलेली आणि नसलेली इंजिनं एकाच समीकरणांच्या संचाने सांगून दाखवली. माझ्या मते डिझेल इंजिनाच्या भारतीय इतिहासात हे काम एव्ही१च्या शेजारी मांडावं अशा योग्यतेचं आहे.

उष्णता कशी सुटते हे एकदा कळलं की पुढचे दरवाजे उघडतात. तापमान कळतं, म्हणजे झेल्दोविचच्या वाटेने ऑक्साइडं कळतात. भिंतीवर किती डिझेल किती काळ रेंगाळलं ते कळतं, म्हणजे धुराचा अंदाज येतो. मिस्त्री ज्याला नुसतं ‘काळं ओकतंय’ म्हणायचा, त्याचं उगमस्थान लहान इंजिनात बऱ्याच अंशी ही भिंत आहे. उरतात न जळलेली हायड्रोकार्बनं. इथे तो नोझलच्या टोकाचा थेंब परत येतो. सुई बंद झाल्यावरही तिच्या खालच्या इवल्याशा पोकळीत डिझेल उरतं. ही पोकळी असते घनमिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान. फवारणी संपल्यावर, जळण्याची वेळ निघून गेल्यावर ते हळूहळू बाहेर येतं आणि तसंच नळीतून निघून जातं. १९७७ मध्ये ग्रीव्ह्ज आणि मंडळींनी हे दाखवून दिलं होतं. त्यात पेट घेण्यापूर्वीच जे डिझेल हवेत फार विरळ झालं त्याची भर पडते. चांगलं नोझलसुद्धा थोडंसं गळतंच, फक्त ते टेस्टरवर दिसत नाही.

सगळ्यात शेवटी कणांचा आकडा, म्हणजे कायदा ज्याला पार्टिक्युलेट म्हणतो तो. हा धुराहून वेगळा. धूर मोजायची जुनी पद्धत मोठी देखणी होती. हातपंपाने ३३० घनसेंटिमीटर धूर पांढऱ्या गाळणकागदातून ओढायचा आणि कागदावरचा करडा ठिपका किती गडद आला ते यंत्राने वाचायचं. बॉश नंबर म्हणायचे त्याला. कणांचं मात्र वजन करावं लागतं, आणि त्या वजनात कोरडी काजळी, तिच्यावर थंड होऊन बसलेली हायड्रोकार्बनं आणि गंधकातून आलेलं सल्फेट असे तीन वाटेकरी. तिन्हींचे अंदाज आधी हवेत, मगच बेरीज. तिघांच्या चुकाही मग एकत्रच येतात.

लक्ष्मीनारायणन पुढे अशोक लेलँडमध्ये गेले. २०१० मध्ये त्यांचं आणि आघावांचं ‘मॉडेलिंग डिझेल कम्बश्चन’ हे पुस्तक स्प्रिंगरने काढलं. फवाऱ्यापासून सुरुवात करून पेट घेण्याचा विलंब, उष्णता, हायड्रोकार्बनं, धूर, ऑक्साइडं आणि कण अशी त्याची प्रकरणं लागतात. कप्प्याकप्प्याच्या गणितालाही त्यात जागा आहे, त्यामुळे हा काही एका पंथाचा प्रचारग्रंथ नाही. जिथे साधं गणित पुरतं तिथे ते वापरा, जिथे पुरत नाही तिथे मोठं आणा, अशी त्याची व्यवहारी बैठक आहे.

दरम्यान यंत्र बदललं. सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबनळीतून डिझेल देणारी कॉमन रेल आली, दोनशे बारच्या जागी दीड-दोन हजार बारचा दाब आला, एका फवारणीच्या जागी तीन-चार छोट्या फवारण्या आल्या. शिमेची जागा संगणकातल्या नकाशाने घेतली. भारत स्टेज ६नंतर नळीत काजळीची गाळणी आणि ट्रकमध्ये युरियाची टाकी आली. आता इंजिनातून काय निघतं याला काय महत्त्व, मागे सगळं साफच होतं, असं कोणी म्हणेल. पण युरिया विकत घ्यावा लागतो आणि गाळणी जाळून मोकळी करायला डिझेलच जातं. आतला आकडा आधी कळला नाही तर मागची टाकी किती मोठी हवी हेही कळत नाही.

हिशेब आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही याच काळाने दाखवलं. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण अमेरिकेत उघडकीस आलं. गाडीच्या संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येत होतं, आणि तेवढ्यापुरती ती सभ्य वागायची. भारतात तपासणी एआरएआयने केली आणि त्या वर्षाअखेर कंपनीने इथल्याही तीन लाखांवर गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचं जाहीर केलं. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अटही पाळावी लागते.

शेतातलं इंजिन या रांगेत सर्वात मागे उभं आहे. जनरेटरचे नियम जुलै २०२३ मध्ये पुन्हा कडक झाले आणि मधल्या व बऱ्याच मोठ्या जनरेटरच्या इंजिनांना ऑक्साइडांची मर्यादा किलोवॉट-तासाला ०.४ ग्रॅमवर आली. ट्रॅक्टरचा पुढचा टप्पा आधी २०२०च्या ऑक्टोबरात यायचा होता. तो पुढे ढकलत ढकलत जानेवारी २०२३ मध्ये आला, आणि तोही फक्त ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरला. डाळिंबात, द्राक्षात ब्लोअर ओढणारे, कांद्याची ट्रॉली नेणारे ट्रॅक्टर बहुतेक त्याच्या खालचे. किंमत वाढेल, शेतकऱ्याला परवडणार नाही, हे कारण खोटं नाही. पण २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदवला आहे, आणि ट्रॅक्टरवर बसणारा माणूस दिवसभर त्या नळीच्या मागे असतो. लहान इंजिनाचा धूर रचनेतच कमी कसा करायचा याचं गणित वीस वर्षांपूर्वी पुण्यात होऊन चुकलं आहे. न होण्यासारखं त्यात आता काही उरलेलं नाही, अडलंय ते धोरणावर.

एक विनंती मात्र शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना करावीशी वाटते. कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत टीव्ही१ची चाचणी-जोडणी धूळ खात किंवा कामात उभी आहे. त्यावर करंज, कडुनिंब, जट्रोफाच्या तेलाची मिश्रणं जाळून धूर मोजण्याचे प्रकल्प दर वर्षी होतात आणि मोजून झाल्यावर आलेख काढले जातात. पुढच्या वेळी इंजिन सुरू करण्याआधी नोझलच्या छिद्राचा व्यास, वाटीचं माप आणि फवारणीचा अंश घेऊन धुराचा आणि ऑक्साइडांचा आकडा गणिताने काढावा. तो वहीत तारखेसह शाईने लिहावा, खाली शिक्षकांची सही घ्यावी, आणि मगच हँडल मारावं.